सोफ्याखालचा वजनकाटा

आमच्या कळव्याच्या घरी हॉलमध्ये सोफ्याखाली एक वजनकाटा असतो. काचेचा, चपटा, डिजिटल, एका कोपऱ्याला टवका उडालेला. २०१७ पासून तिथेच आहे आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असा घरात नियम, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये फरशी खरोखर सपाट आहे अशी तेवढी एकच जागा आहे असं माझ्या धाकट्या भावाचं ठाम मत. आई केर काढताना झाडू त्याच्या भोवतीने फिरवते. पाहुण्यांची लहान मुलं हमखास तो बाहेर ओढतात आणि मग एकच बोंब होते.

माझा भाऊ एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा फायटर आहे. प्रोफेशनल. म्हणजे पिंजऱ्यात उतरून, चार औंसाचे ग्लोव्हज घालून, लाथा, बुक्क्या, कोपर, गुडघे, वर कुस्ती, वर गळा आवळणं, हे सगळं पैसे घेऊन करणारा. "पैसे घेऊन" म्हटलं की आमच्या घरात अजून सगळे हसतात, त्यावर पुढे येतेच.

मागच्या महिन्यात डोंबिवलीला मावसबहिणीच्या लग्नात एका काकांनी मला पकडलं, काय गं, तुझा भाऊ अजून ती मारामारी करतो का? म्हटलं हो काका, करतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. किती जिंकला? म्हटलं सातपैकी चार. काका म्हणाले, म्हणजे बरा आहे, आणि जिलेबी घ्यायला गेले.

घरी येताना रिक्षात मी उगाच हिशोब करत बसले. सात प्रोफेशनल फाईट. तीन राउंड, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे एक फाईट जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची. त्याच्या दोन फाईट पूर्ण पंधरा मिनिटं चालल्या, बाकीच्या मध्येच कुठेतरी संपल्या. सगळं मिळून एक तास पण भरत नाही. कळव्याहून स्लो लोकलने सीएसएमटीला जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. आठ वर्षांचं करिअर, आणि लोक ज्याबद्दल विचारतात ते एवढंच, तासाच्या आतलं. बाकीचं कुठे लिहिलेलं नसतं म्हणून मी लिहितेय.

सुरुवात गोविंदा पथकापासून झाली, ठाण्यातल्या अर्ध्या पोरांची तिथूनच होते. हा काटकुळा होता म्हणून वरच्या थराला. पडायचा, उठायचा, परत चढायचा. पथकातला एक दादा मुए थाय, म्हणजे थायलंडचं किकबॉक्सिंग, शिकायचा, तो याला २०१३ मध्ये रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात घेऊन गेला. खाली प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट, वर मॅट टाकलेला हॉल, पावसाळ्यात पत्रा गळायचा आणि मॅटखाली बुरशी यायची. तेव्हा हा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाला. सकाळी ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून वाशीची गाडी पकडायची, ऐरोली, रबाळे, ट्रेनिंग करायचं आणि मग कॉलेज. हळूहळू कॉलेज गळालं. बाबा दीड वर्ष त्याच्याशी बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे आईमार्फत बोलायचे, "त्याला सांग लाइट बंद कर" असं, तो समोर बसलेला असताना.

पण त्याच्या फार आधी आबा होते. आबा म्हणजे आईचे वडील, सांगली जिल्ह्यातले, विट्याच्या बाजूला गाव. तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या मारलेला माणूस. आम्ही दर मे महिन्यात गावाला जायचो आणि आबा याला पहाटे उठवून तालमीत न्यायचे. तांबडी माती, त्यात तेल, हळद, ताक घालून मळलेली, तिचा वास मला अजून आठवतो, मला आत जायची परवानगी नव्हती म्हणून मी दारात बसून बघायचे. आबांच्या बोलण्यात खाशाबा जाधवांचं नाव आलं की ते हात जोडायचे. १९४८ ला लंडनमध्ये सहावा नंबर, मग १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि जायला पैसे नव्हते म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपल खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, ही गोष्ट आम्हाला इतक्या वेळा ऐकवलीये की भाऊ आणि मी ती दोन आवाजांत म्हणून दाखवू शकतो. तेव्हा आम्हाला त्यातला गहाणवाला भाग बोअरिंग वाटायचा.

तर त्या मातीने याला दिलेलं सगळ्यात चांगलं काय तर पट, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडणं. एकेरी पट, दुहेरी पट. इंग्रजीत सिंगल लेग, डबल लेग म्हणतात ते हेच. रबाळ्याच्या हॉलमध्ये पहिल्याच महिन्यात त्याने दोन वर्षं बॉक्सिंग केलेल्या पोराला असा काही पट काढून आपटला की कोच थांबून बघत राहिले. घरी आला तो छाती काढूनच.

आणि त्याच मातीने त्याला दिलेलं सगळ्यात वाईट काय ते कळायला अजून थोडे महिने गेले. कुस्तीत पाठ लागली की संपलं. चीत. खेळ खलास. त्यामुळे पैलवानाच्या अंगात एक गोष्ट हाडापर्यंत भिनलेली असते की काहीही होऊ दे, पाठ जमिनीला लावायची नाही. खाली गेलास तर पालथा हो, पोटावर वळ. आता एमएमएमध्ये पोटावर वळलेला माणूस म्हणजे काय, तर ज्याने आपली पाठ समोरच्याला दिली तो. समोरचा पाठीवर बसतो, पाय कमरेत अडकवतो, हनुवटीखाली हात सरकवतो आणि मागून गळा आवळतो. रिअर नेकेड चोक. मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, पाच-दहा सेकंदांत डोळ्यांपुढे अंधार. उलट पाठीवर पडलेला माणूस पायांच्या मध्ये समोरच्याला पकडून ठेवू शकतो, हात मोडू शकतो, पायाने गळा आवळू शकतो. म्हणजे कुस्तीत जी हार ती इथे अर्धी चढाई, आणि कुस्तीत जो बचाव ती इथे आत्महत्या. याला जिममधला एक पंचावन्न किलोचा अकाउंटंट रोज चोक करायचा. अकाउंटंट! चष्मा काढून ठेवायचा, चोक करायचा आणि परत चष्मा लावून पाणी प्यायचा.

आबांना मी एकदा मोबाईलवर फाईट दाखवली होती. दुहेरी पट आला तसे खूश, "आगं ही तर आपलीच कुस्ती." मग खालचा माणूस पाठीवर पडून आरामात लढतोय बघून कपाळाला आठ्या. "चीत झालाय की. पंच शिट्टी का वाजवंना?" भावाने त्यांना रॉयस ग्रेसीची गोष्ट सांगितली, १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये डेनव्हरला पहिली यूएफसी, म्हणजे आज एमएमएची सगळ्यात मोठी असलेली स्पर्धा, झाली, तेव्हा वजनाचे गट वगैरे काही नव्हते, आणि हा ऐंशी-एक किलोचा ब्राझीलचा माणूस त्याच्यापेक्षा दांडग्या लोकांना एका रात्रीत तीन वेळा जमिनीवर नेऊन हरवून गेला, आबा, त्यातल्या दोघांना गळा आवळून. आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "गळा धरायला आमचा वस्ताद कानफटात द्यायचा." विषय संपला.

भावाची दुसरी प्रो फाईट तो असाच हरला. दुसऱ्या राउंडमध्ये खाली गेला, आणि मी प्रेक्षकांत बसून बघितलं की तो वळला. पोटावर. दोन वर्षं कोचनी घसा फोडला होता, पाठ जमिनीला दिलीस तरी चालेल पण त्याला देऊ नको, आणि त्या क्षणी अंगाने आबांचं ऐकलं. टॅप केलं त्याने, म्हणजे हार मानली. तीन टपल्या मारल्या की रेफरी थांबवतो. परतीच्या ट्रेनमध्ये मला म्हणाला, ताई, मला माहीत होतं गं, वळताना पण माहीत होतं.

ते अंगातून जायला जवळजवळ तीन वर्षं लागली. मग उलट झालं, आता तो मुद्दाम पाठीवर पडून लोकांना फसवतो. चारपैकी एक विजय तसाच आहे, ट्रायँगल चोक, म्हणजे पायांनी गळा आवळून. तो व्हिडिओ आबांना दाखवायचा राहिला. २०१८ मध्ये आबा गेले.

आता पैसे. पहिल्या प्रो फाईटचे दहा हजार रुपये मिळाले होते. त्याआधी एचआयव्ही, हेपॅटायटिस, डोळे वगैरे मेडिकल रिपोर्ट स्वतःच्या खर्चाने. आठ आठवड्यांचा कॅम्प, म्हणजे फाईटआधीची तयारी, त्यात रोज अर्धा-पाऊण किलो चिकन, अंडी, प्रोटीन पावडर, फिजिओ, माउथगार्ड, फाटलेल्या शिनगार्डच्या जागी नवीन. आईने एक वही ठेवली होती, शेवटचं पान मी वाचलंय, तिथे नुसतं "जाऊ दे" असं लिहून खाली रेघ मारलीये. सात फाईटचे सगळे मिळून माझ्या अ‍ॅक्टिव्हाच्या किमतीच्या थोडे वर गेले असतील. घर चालतं ते सकाळी सहाच्या बॅचवर. घणसोली-कोपरखैरणेचे आयटीवाले, पोट कमी करायला आलेले, त्यांचे पॅड्स धरायचे. मग दुपारी स्वतःचं ट्रेनिंग, संध्याकाळी लहान मुलांची बॅच, रात्री एक-दोन पर्सनल ट्रेनिंग. रविवारी येऊर किंवा पारसिकच्या डोंगरावर पळायला. म्हणजे लढणारा माणूस दिवसातले सहा तास दुसऱ्यांना लढायला शिकवतो, आणि उरलेल्या अंगाने स्वतः शिकतो.

तिकडे अमेरिकेत सगळे करोडपती असतात असं आपल्याला वाटतं. यूएफसीचा स्टार कॉनर मॅकग्रेगर, त्याचे सूट बघितले की वाटणारच. पण यूएफसीत नव्याने आलेल्या फायटरला बरीच वर्षं दहा हजार डॉलर लढायचे आणि जिंकला तर अजून दहा असाच रेट असायचा, आणि त्यातून कोचचे, मॅनेजरचे, टॅक्सचे जायचे. वर्षाला दोन-तीन फाईट. आणि कंपनी बघा, २००१ मध्ये २० लाख डॉलरला घेतली होती ती २०१६ मध्ये ४०० कोटी डॉलरच्या आसपास विकली. शेवटी फायटर लोकांनी कोर्टात खेचलं आणि २०२४ मध्ये ३७ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. भावाला हे सांगितलं तर म्हणतो, ताई, मला ते दहा हजार मिळू देत, मग मी पण कोर्टात जाईन.

वजनाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण माझ्या दृष्टीने हाच खरा खेळ आहे आणि फाईट म्हणजे त्यानंतरचा छोटा कार्यक्रम.

आबांच्या काळी जत्रेत वजन नसायचं. पंच दोघांना शेजारी उभं करायचे, लोक बघायचे, जोड लागली का नाही ते डोळ्यांनी ठरायचं. तुल्यबळ असले तर काटा कुस्ती. आमच्याकडे काटा म्हणजे सोफ्याखालचा. भाऊ फेदरवेटला लढतो, लिमिट ६५.८ किलो, साधी, म्हणजे टायटलची नसलेली फाईट असेल तर एक पाउंड, जवळजवळ अर्धा किलो, वर चालतं. एरवी त्याचं वजन ७४. हे आठ किलो कुठे जातात? तीन-चार किलो कॅम्पमध्ये खाणं कमी करून, आणि उरलेले शेवटच्या पाच-सहा दिवसांत, जे चरबी नसून पाणी असतं. आधी रोज सात-आठ लिटर पाणी प्यायचं, म्हणजे शरीराला सवय लागते बाहेर टाकायची. मीठ बंद. भात-पोळी बंद. मग पाणी एकदम तोडायचं, चार लिटर, दोन, एक, अर्धा, शून्य, पण शरीर मात्र जुन्या सवयीने टाकतच राहतं. शेवटच्या रात्री कडकडीत गरम पाण्यात बसायचं, बाहेर येऊन टॉवेल-चादरीत गुंडाळून पडायचं, परत पाण्यात. आमच्या घरी टब नाही त्यामुळे आईचा धुण्याचा मोठा प्लास्टिकचा टब आणि गॅसवर चार पातेली. शेजारच्या काकूंना वाटायचं आमच्याकडे काही कार्य आहे.

वजन दिलं की फाईटला साधारण एक दिवस असतो, तेवढ्यात ओआरएस, भात, मीठ, पाणी असं करत पाच-सहा किलो परत भरायचे. समोरचा पण हेच करत असतो. म्हणजे ७४ किलोची दोन माणसं ६५ ला येऊन, परत ७२ होऊन लढतात. मग ७४ लाच लढा की! हे मी विचारलंय. सगळ्यांनी विचारलंय. उत्तर एवढंच की तो उतरवतोय म्हणून मला उतरवायला लागतं.

२०१९ ची गोष्ट. दिल्लीकडे एका हॉटेलमध्ये वेट-इन, म्हणजे फाईटआधीचं अधिकृत वजन, होतं, बाबा येणार नव्हते म्हणून मी सुट्टी काढून गेले. काटा सूटकेसमध्ये, टॉवेलांत गुंडाळून, सोफ्याखालून तो बाहेर निघतो ते फक्त अशाच वेळी. शेवटची रात्र मी आयुष्यात विसरणार नाही. बाथरूममधून आला, ओठ फुटलेले, जीभ पांढरी, बोलायला थुंकी नाही. काट्यावर उभा राहिला, ६६.६. परत पाण्यात. ६६.२. बाहेर आल्यावर फरशीवर बसून राहिला, उठेना, मी हात दिला तर हात एकदम कोरडा, कागदासारखा. लिमिटच्या आत झाला होता, पण म्हणाला नाही, पूर्ण ६५.८ दिसल्याशिवाय झोपणार नाही, आयत्या वेळी त्यांचा काटा वेगळा निघाला तर? पहाटे तीनला ६५.८ दिसलं. तोवर मी मोबाईलवर नको ते वाचून बसले होते. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलाला वन चॅम्पियनशिप या एशियातल्या एमएमए कंपनीच्या इव्हेंटआधी यांग जियान बिंग नावाचा चिनी मुलगा वजन उतरवताना डिहायड्रेशन होऊन गेला. २१ वर्षांचा. त्यानंतर त्यांनी असं पाणी काढून वजन उतरवायला बंदीच घातली, लघवी तपासून अंगात पाणी आहे की नाही ते बघतात. बाकीच्या जगात अजून चालू आहे. मी त्या रात्री चार वेळा त्याच्या नाकासमोर हात धरून बघितला.

सकाळी खाली ऑफिशियल काट्यावर ६५.३ भरलं. त्याचं नेहमीच थोडं कमी भरायचं, आम्ही समजायचो झोपेत उतरलं, जिने उतरताना घाम गेला. कोच उलट ओरडले, अर्धा किलो फुकट का उतरवलंस.

मग समोरचा आला. ६९.१. तीन किलो जास्त. त्याला दोन तास दिले. अशा वेळी सहसा समोरच्याच्या पैशातला काही हिस्सा कापून याला देतात आणि फाईट होते, आणि हा तयार होता, लगेच हो म्हणाला. पण त्या पोराला दोन तासांत उरलेलं उतरवायच्या नादात चक्कर आली, डॉक्टरने सही करायला नकार दिला. बरोबरच केलं. फाईट रद्द. आणि फाईट झाली नाही तर पैसे नाहीत, असं ऑर्गनायझरच्या माणसाने मला लॉबीत उभ्या उभ्या सांगितलं, तिकिटाचं भाडं देऊ म्हणाला. कागदावर तसंच होतं. भावाने सही केली होती, वाचलं नव्हतं. मी वाचलं असतं. आपल्याकडे अमेरिकेसारखं सरकारी अ‍ॅथलेटिक कमिशन वगैरे काही नाही की जाऊन तक्रार करावी.

आठ आठवडे, आठ किलो, आणि रेकॉर्डला काय? काहीच नाही. हरला असता तर निदान एक ओळ तरी आली असती. रात्री रूमवर त्याने तीन प्लेट भात खाल्ला आणि टीव्हीवर कसलीतरी कपडे विकायची जाहिरात एक तास बघत बसला.

त्यानंतर कोविड. दोन वर्षं कोणाचंच काही नाही. तो आमच्या गच्चीवर टाक्यांच्या मध्ये एकटा शॅडो करायचा, म्हणजे हवेतच बुक्क्या-लाथा मारायचा, आणि समोरच्या बिल्डिंगमधली पोरं खिडकीतून नक्कल करायची.

रविवारी सकाळी आमच्याकडे यूएफसी लागते. अमेरिकेत शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात-साडेआठ, त्यामुळे पोहे, चहा आणि रक्त असा कार्यक्रम. आई पाठ करून बसते पण कान तिकडेच. भारताचं कोणी असलं की बाबा सुद्धा पेपर खाली ठेवतात. भरत खंडारे २०१७ मध्ये शांघायला लढला तेव्हा आमच्याकडे सण होता, भारतातून यूएफसीत गेलेला पहिला, आणि आडनाव आपलं. चीनच्या सोंग यादोंगने पहिल्याच राउंडमध्ये गिलोटिन, म्हणजे समोरून मान काखेत दाबून गळा आवळणं, लावून संपवलं. यूएफसीतली त्याची ती एकच फाईट. भाऊ तेव्हा मला म्हणाला होता, लोक म्हणतील हरला, अगं पण तिथपर्यंत गेला कसा ते बघ ना. २०२४ च्या जूनमध्ये पूजा तोमर लुईव्हिलला जिंकली, यूएफसीत जिंकलेली पहिली भारतीय बाई, उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरकडची. त्या फाईटचे मार्क बघण्यासारखे आहेत. एका जजने ३०-२७ म्हणजे तिन्ही राउंड पूजाला दिले, दुसऱ्याने २७-३० म्हणजे तिन्ही समोरचीला, तिसऱ्याने २९-२८ पूजाला. तिघं एकाच पिंजऱ्याभोवती बसले होते! बाबा म्हणाले, आमच्या ऑफिसातलं अप्रेझल असंच असायचं.

आणि अंशुल जुबली. उत्तराखंडचा, रोड टू यूएफसी ही स्पर्धा जिंकून करार मिळवलेला. २०२५ च्या फेब्रुवारीत सिडनीला १९ सेकंदांत नॉकआउट. मी पोह्यांवर लिंबू पिळत होते, मान वर केली तर संपलेलं. भावाने टीव्ही बंद केला, कोणी काही बोललं नाही. त्या १९ सेकंदांमागे किती महिने असतील हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि नॉकआउट म्हणजे काय ते पण.

कारण २०२२. गोरेगावला फाईट होती, मुंबईतली म्हणून अर्धं कळवा आलं होतं. तिसऱ्या राउंडपर्यंत छान चाललं होतं, मग एक उजवा हात आला, मला तर दिसला पण नाही, आणि भाऊ पडला तो हात वर न घेता पडला. सिनेमात पडतात तसं नाही. एखादं शर्ट हँगरवरून सुटावं तसं. दहा-पंधरा सेकंदांनी उठून बसला, डॉक्टरने डोळ्यांत टॉर्च मारला, प्रश्न विचारले, उलटी झाली किंवा झोप आवरेना तर सीटी स्कॅन करा म्हणाले. आम्ही थांबलोच नाही, सरळ ठाण्याला स्कॅन करायला निघालो. टॅक्सीत मागे तो आणि मी. जेव्हीएलआरला ट्रॅफिक. पवईच्या आसपास त्याने मला विचारलं, "ताई, त्याचं वेट आलं का?"

मी म्हटलं कोणाचं?

"समोरच्याचं. वेट आलं का त्याचं? फाईट होणारे ना?"

मी म्हटलं झाली फाईट. हरलास. ठीक आहे. तो "हं" म्हणाला. कांजूरला परत, "ताई, त्याचं वेट आलं का?" मुलुंड टोलनाक्याला परत. तीन हात नाक्याला परत, त्याच आवाजात, पहिल्यांदाच विचारतोय तसं. तीन वर्षांपूर्वीचं हॉटेल त्याच्या डोक्यात कुठेतरी तसंच उघडं राहिलं होतं. चौथ्यांदा मी म्हटलं, हो रे, आलं. बरोबर आलं. तो सीटवर डोकं टेकून गप्प बसला.

स्कॅन नॉर्मल आला. दुसऱ्या दिवशी त्याला टॅक्सीतलं काहीच आठवत नव्हतं आणि मी पण सांगितलं नाही. इथे लिहिते आहे तर आता वाचेल. त्यानंतर कोचनी तीन महिने स्पारिंग, म्हणजे सरावाच्या लढती, बंद केलं, आईने नवस बोलला, कोपिनेश्वराला, काय ते सांगत नाही. त्याच्यानंतर तो दोन फाईट लढला, दोन्ही जिंकला, पण मी एकही समोर बसून बघितली नाही, जिन्यात उभी राहून आवाज ऐकले. आवाजावरून कळतं.

आता तो एकतीसचा आहे. रिटायर झालास का विचारलं तर नाही म्हणतो, पुढची फाईट कधी विचारलं तर बघू म्हणतो. उजवा कान पैलवानांसारखा सुजून कायमचा घट्ट झालाय, ब्लूटूथ त्यात बसत नाही. सकाळची आयटीवाल्यांची बॅच आहेच, आणि संध्याकाळची साडेपाचची मुलांची आता चांगली भरते, त्यात एक कॉलेजची मुलगी आहे जिची तो फार तारीफ करतो, पट काढते म्हणे आणि खाली गेली तर वळत नाही. तिची पहिली अ‍ॅमॅच्युअर फाईट आहे पुढच्या महिन्यात. तिला त्याने सांगून ठेवलंय की पाणी तोडायचं नाही, एवढं तेवढं जेवणातून उतरेल तेवढंच, नाहीतर वरच्या गटात लढायचं.

परवा दुपारी तो तिच्यासाठी काटा न्यायला आला. जिममधल्याची बॅटरी कोणीतरी पळवली होती. सोफा सरकवला, काटा काढला, फुंकर मारली. आई किचनमधून म्हणाली, "ने, पण तो अर्धा किलो जास्त दाखवतो हां."

"काय?"

"जास्त दाखवतो. दिवाळीत भाजणी मोजली ना, डबा घेऊन उभी राहिले, मग नुसती उभी राहिले. दवाखान्यातल्या काट्यावर माझं एकसष्ट, याच्यावर साडेएकसष्ट. नेहमीच."

"नेहमीच म्हणजे कधीपासून?"

"मला काय माहीत, घेतला तेव्हापासून असेल. तू हात लावू देतोस का कोणाला?"

तो सोफ्याच्या हातावर बसला, मांडीवर काटा. माझ्याकडे बघितलं. मी पण तेच आठवत होते, ६५.३, कोच ओरडत होते ते, पहाटेचे तीन वाजलेले, फरशीवर बसलेला तो. मग सात फाईट आणि ती एक, प्रत्येक वेळी अर्धा किलो. म्हणाला, "ताई, चार किलो. चार किलो मी उगाच उतरवले." आणि हसायला लागला, मग मी, मग आई बाहेर येऊन काय झालं विचारायला लागली तर सांगता येईना.

बॅगेतून त्याने हाताला बांधायची पांढरी चिकटपट्टी काढली, एक तुकडा दाताने तोडून काट्यावर चिकटवला, माझ्याकडून मार्कर घेऊन त्यावर लिहिलं, "वजा ५०० ग्रॅम", आणि काटा टॉवेलात गुंडाळून साडेपाचच्या बॅचला गेला.